लहान कार्यालयासाठी मेल सर्व्हर: सॉफ्टवेअर निवडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तुमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. कंपनीच्या डोमेनवर २२ ईमेल पत्ते आहेत आणि ते सध्या संकेतस्थळाच्या होस्टिंगबरोबर मिळालेल्या मेलसेवेवर चालतात. गेले काही महिने ग्राहकांना पाठवलेली कोटेशने त्यांच्या स्पॅममध्ये जात आहेत, काही परतही येत आहेत. संगणक पुरवणाऱ्याने कार्यालयातच स्वतःचा सर्व्हर बसवण्याचा सल्ला दिला, पण एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचे अंदाजपत्रक तुमच्या आवाक्याबाहेरचे निघाले. म्हणून स्वस्त किंवा मोफत आणि लेखा विभागातल्या एका सहकाऱ्याला सांभाळता येईल असे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

लहान कार्यालयांची मेलव्यवस्था उभी करणे आणि सांभाळणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे आधी मत सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. मेल स्पॅममध्ये का जातो हा पहिला, आणि मेल कोठे ठेवावा हा दुसरा. सॉफ्टवेअर बदलल्याने पहिला प्रश्न सुटत नाही. उलट कार्यालयात सर्व्हर आणल्याने तो बहुतेक वेळा चिघळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरच्या गुणांपेक्षा एका व्यक्तीवर अवलंबून आहे: रविवारी रात्री मेल थांबला तर लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाची नोंदवही, उघडून बघणारा माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल, तर मेलबॉक्स भाड्याने घ्या. असेल, तर स्वतःचा सर्व्हर जरूर चालवा, पण तो कार्यालयात ठेवू नका.

अर्थात हे मत परिस्थितीनुसार बदलते. तुमच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाने करारात माहिती भारतातच ठेवण्याची किंवा ठरावीक वर्षे जपण्याची अट घातली असेल, कारखान्यातील इंटरनेट वारंवार तुटत असेल, किंवा रोज शेकडो बिले एखाद्या प्रणालीतून आपोआप जात असतील, तर हिशेब वेगळा होतो.

आधी स्पॅमचे. तुमच्या एखाद्या सहकाऱ्याच्या खासगी जीमेल खात्यावर कार्यालयाच्या पत्त्यावरून एक साधा मेल पाठवा. तो संगणकावर उघडून उजवीकडच्या तीन टिंबांच्या यादीतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच एक छोटा तक्ता दिसेल आणि त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा ओळी असतील. प्रत्येकीपुढे ‘पास’ लिहिलेले आहे की ‘फेल’, हे पाहा. एखादी ओळच नसेल तर तेही टिपून ठेवा. एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरांनी मेल पाठवावा याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर केलेली यादी. डीकिम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने प्रत्येक मेलवर केलेली सही, जिची पडताळणी डीएनएसमधल्या सार्वजनिक किल्लीने होते. डीमार्क म्हणजे या दोन्ही तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचे काय करावे, याबद्दल डोमेनच्या मालकाने दिलेली सूचना. गूगलने फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी एसपीएफ किंवा डीकिमपैकी किमान एक आवश्यक केले, आणि दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही. तुम्ही त्या संख्येच्या जवळपासही नसाल, तरी तिन्ही नोंदी कराव्यात असे मी आग्रहाने सांगतो, कारण तुमचे ग्राहक ज्या सेवांवर आहेत त्या सगळ्यांचे नियम एकाच दिशेने कडक होत आहेत.

आता परत आलेल्या मेलांकडे पाहा. कार्यालयांत असे मेल वाचण्याआधीच पुसले जातात, पण निदान त्यातच लिहिलेले असते. मजकुराच्या तळाशी तीन अंकी आकडा असतो. तो ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करील. ५ने सुरू होत असेल तर नकार कायमचा आहे. जीमेलकडून आलेल्या नकारात ५५० नंतर ५.७.२६ असेल तर तुमच्या मेलची ओळख पटलेली नाही, म्हणजे एसपीएफ आणि डीकिमचे काम अपुरे आहे. ५.७.२५ असेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीची (इंटरनेटवरच्या क्रमांकाची) उलटी नोंद, म्हणजे क्रमांकावरून नाव सांगणारी पीटीआर, नाही. नकाराच्या मजकुरात एखाद्या काळ्या यादीचे (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीचे) नाव असेल, तर दोष बहुधा त्या होस्टिंगवरच्या तुमच्या शेजाऱ्याचा आहे. स्वस्त होस्टिंगमध्ये शेकडो डोमेन एकाच आयपीवरून मेल पाठवतात आणि त्यातल्या एकाचा पासवर्ड फुटून हजारो जाहिराती गेल्या, की त्या आयपीचे नाव सगळ्यांसाठीच खराब होते. या शेवटच्या कारणावर तुमच्या हाती काहीही उपाय नाही. ती जागा सोडणे हाच उपाय. पहिली दोन कारणे मात्र काही वेळा होस्टिंगवाल्याला एक सविस्तर पत्र लिहून दुरुस्त होतात, आणि मग सर्व्हर बदलण्याची घाई उरत नाही.

एसपीएफबद्दल एक खबरदारी. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. नवी सेवा घेताना जुन्या नोंदीच्या शेजारी दुसरी नोंद टाकली, तर दोन्ही मिळून तपासणी चुकीची ठरते. नव्या सेवेचा उल्लेख जुन्या नोंदीतच मिसळावा लागतो, आणि त्यात डीएनएसच्या पुढच्या शोधांची संख्या १०च्या वर जाऊ नये असा नियम आहे. तुमच्या गावातल्या संकेतस्थळ बनवणाऱ्याने, बिलांच्या सॉफ्टवेअरवाल्याने आणि जाहिरातवाल्याने आपापल्या वेळी एकेक नोंद टाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ती जमवाजमव आधी स्वच्छ करा.

आता कार्यालयातल्या सर्व्हरबद्दल. पुरवठादाराचा सल्ला वरवर योग्य वाटतो: यंत्र आपले, माहिती आपल्या छताखाली, दरमहा भाडे नाही. बाहेरून येणाऱ्या मेलच्या बाबतीत तो फारसा धोक्याचाही नाही. महावितरणच्या देखभालीसाठी दिवसभर लाइट गेली, तरी पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवतात आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरवर ही मुदत मुळातच पाच दिवसांची असते. त्यामुळे एका दिवसाच्या खंडाने मेल हरवत नाही, फक्त उशिरा येतो. खरी अडचण बाहेर जाणाऱ्या मेलची आहे. ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो आणि असे आयपी स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत ‘येथून थेट मेल येणे अपेक्षित नाही’ अशाच नोंदीने असतात. अनेक सेवादार पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याचा दरवाजा, बाहेरच्या दिशेने बंदच ठेवतात. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतला तरी त्याची पीटीआर नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून करता येत नाही, कारण तो आयपी इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असतो. तिला लेखी विनंती करून, पाठपुरावा करून ती करून घ्यावी लागते, आणि योजना किंवा कंपनी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ज्या तक्रारीसाठी तुम्ही सर्व्हर घ्यायला निघालात, ती तक्रार या मार्गाने वाढते.

‘पण आमची ड्रॉइंगे मोठी असतात, ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला इंटरनेट कशाला’ असा मुद्दा तुमच्या प्रश्नात ओझरता आला आहे. तो रास्त आहे, पण त्यावर मेल सर्व्हर हे उत्तर नव्हे. मेलमध्ये जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांत रूपांतरित होते आणि मूळ आकाराच्या साधारण एक तृतीयांशाने फुगते. पाच जणांना पाठवली की तिच्या पाच प्रती पाच मेलबॉक्सांत साठतात. कार्यालयातल्या ड्रॉइंगांसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरची सामायिक डिस्क, घ्या, त्यावर कामानुसार फोल्डर करा आणि मेलमध्ये फक्त फाइलचे नाव आणि आवृत्ती लिहा. मेलबॉक्सांची बरीच जागा तेथेच वाचते, आणि कोणती आवृत्ती शेवटची यावरून होणारे वादही कमी होतात.

खर्चाकडे वळण्यापूर्वी पत्ते मोजा, कारण बचतीची सर्वांत सोपी जागा तीच आहे. तुम्ही दिलेल्या यादीतले सात पत्ते माणसांचे नाहीत; विक्री, खरेदी, लेखा, गुणवत्ता, डिस्पॅच, नोकरीसाठीचे अर्ज आणि सर्वसाधारण चौकशी अशा खात्यांचे आहेत. यांना वेगळा मेलबॉक्स लागत नाही. टोपणनाव किंवा गट म्हणून ते पत्ते ठेवले, की त्यावर आलेला मेल त्या खात्यातल्या दोघा-तिघांना मिळतो आणि त्याचे वेगळे भाडे पडत नाही. गूगल वर्कस्पेसमध्ये एका वापरकर्त्याला ३० टोपणनावे जोडता येतात आणि गट वेगळ्या शुल्काशिवाय करता येतात. इतर सेवांमध्येही अशी सोय असते. शिवाय एकच पासवर्ड चार जणांत फिरणे बंद होते, हा पैशांपेक्षा मोठा फायदा आहे.

म्हणजे मेलबॉक्स उरले १५. हिशेबासाठी दरमहा दरडोई १०० रुपये धरू. प्रत्यक्ष दर सेवेप्रमाणे आणि जागेप्रमाणे याच्या खाली किंवा बराच वर असतो. १५ गुणिले १०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १८,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०. आता स्वतःचा सर्व्हर घ्या. ८ जीबी मेमरीचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, दरमहा १,५०० रुपयांना मिळाला असे धरले, तर वर्षाचा आकडा नेमका तेवढाच येतो. त्यावर बॅकअपची वेगळी जागा, आणि त्या सर्व्हरकडे लक्ष देणाऱ्या माणसाचे तास. सॉफ्टवेअर मोफत असले तरी त्याचा खर्च या तासांत असतो, आणि अंदाजपत्रकात तो कोणी लिहीत नाही. मेलबॉक्स १५ऐवजी १५० असते तर हा तराजू स्वतःच्या सर्व्हरकडे झुकला असता, कारण सर्व्हरचे भाडे आणि माणसाचे तास पत्त्यांच्या संख्येइतक्या वेगाने वाढत नाहीत. तुमच्या संख्येला तो झुकत नाही.

भाड्याच्या सेवांमध्ये चेन्नईची झोहो, गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ही तीन नावे तुमच्यासमोर येतील. तुमच्यासारख्या कार्यालयाला मी साधारणपणे पहिल्यांदा झोहो पाहायला सांगतो, कारण फक्त मेल हवा असेल तर तिचे दर कमी आहेत आणि पॅनेल एका बिगरतांत्रिक माणसाला समजेल असे आहे. तुमचे लोक दिवसभर एक्सेल आणि आउटलुकमध्येच असतील आणि त्यांच्यासाठी ऑफिसचे परवाने तुम्ही तसेही विकत घेत असाल, तर मायक्रोसॉफ्टचा एकत्रित दर तपासा; मेल त्यातच येतो. गूगलची जमेची बाजू म्हणजे स्पॅम ओळखण्याची ताकद आणि शोध. निवड करताना जाहिरातीतले जीबी पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅममधून आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवण्याच्या पद्धतीने) मेल घेता येतो का, कारण काही मोफत किंवा प्राथमिक योजनांत तो फक्त ब्राउझरमध्ये उघडतो, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मेल भाडे न भरता जपता किंवा बाहेर काढता येतो का, आणि भारतातून फोनवर मदत मिळते का.

येथे ‘हायब्रिड’ योजनेचा उल्लेख करतो, कारण तुम्हाला ती नक्की कोणीतरी सुचवील. चार वरिष्ठांना महाग सेवा आणि उरलेल्यांना विक्रेत्याच्या स्वस्त सर्व्हरवर मेलबॉक्स, पण डोमेन एकच, अशी ती रचना असते. कागदावर ती निम्म्या खर्चाची दिसते. चालवताना मात्र प्रत्येक पत्ता कोणत्या बाजूला आहे ते दोन्ही ठिकाणी नोंदवावे लागते, एसपीएफमध्ये दोघांचाही उल्लेख करावा लागतो, डीकिमच्या दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतात आणि मेल अडकला की दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात. १५ मेलबॉक्सांसाठी मी ही गुंतागुंत घेत नाही. एकाच सेवेत काहींना मोठी आणि काहींना लहान योजना देता येत असेल, तर तो मार्ग स्वच्छ आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे सॉफ्टवेअरकडे. समजा तुमच्याकडे लिनक्स जाणणारा माणूस आहे, किंवा एखाद्या विश्वासू तंत्रज्ञाशी तुम्ही वर्षाचा देखभाल करार करणार आहात. तेव्हा निवड अशी करा.

एक्स्चेंज सोडून द्या. त्याच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे कोणी जुना परवाना स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. २०१९च्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारसच किमान १२८ जीबी मेमरीची होती, यावरून ते कोणत्या आकाराच्या संस्थेसाठी आहे ते लक्षात येते. विंडोजवर चालणाऱ्या एचमेलसर्व्हरची शिफारस अजून बऱ्याच ठिकाणी होते, आणि बसवायला ते खरोखर सोपे होते. पण त्याचा विकास थांबला आहे आणि इंटरनेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरला दुरुस्त्या मिळत नसतील तर त्याचा सोपेपणा कामाचा नाही. विंडोजच हवे असेल तर मेलएनेबलची मोफत आवृत्ती पाहता येईल. झिम्ब्रा या मेल सर्व्हरबद्दल आपल्याकडे अनेकांना आपुलकी आहे, मलाही आहे. मात्र त्याच्या ८.८.१५ या दीर्घकाळ चाललेल्या आवृत्तीचा आधार २०२३च्या अखेरीस संपला आणि त्यानंतरच्या मुक्त आवृत्तीची तयार संचिका कंपनी स्वतः देत नाही. नव्या लहान कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये.

उरतात ती तयार संच म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरे. यांच्या पोटात बहुधा तीच दोन जुनी, भरवशाची इंजिने असतात: मेल पाठवण्या-स्वीकारण्यासाठी वित्से व्हेनेमा यांनी लिहिलेले पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स दाखवण्यासाठी टिमो सिरायनेन यांचे डव्हकॉट. संच बनवणारे त्यांना स्पॅमगाळणी, वेबमेल आणि पॅनेल जोडून देतात. आयरेडमेल एका स्वच्छ डेबियन किंवा उबंटू लिनक्सवर एका स्क्रिप्टने बसते, सगळे भाग यंत्रावर थेट बसवते, आणि लिनक्स जाणणाऱ्याला आत काय चालले आहे ते सहज दिसते. त्याचे मोफत पॅनेल मोजक्याच कामांचे आहे, अधिक सोयींचे पॅनेल विकत मिळते. मेलकाऊ डॉकरवर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणाऱ्या प्रणालीवर) चालते आणि त्याला किमान ६ जीबी मेमरी व वर १ जीबी स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी) लागते, पण त्याचे पॅनेल मी पाहिलेल्या मोफत पॅनेलांत सर्वांत समजण्याजोगे आहे: मेलबॉक्स, टोपणनावे, अडवलेला मेल, डीकिमची किल्ली, डीएनएसमध्ये नेमके काय टाकायचे, सगळे एका जागी. दोन-चार पत्त्यांच्या अगदी लहान कार्यालयासाठी मेल-इन-अ-बॉक्स आहे. ते थोडक्या मेमरीत चालते आणि डीएनएससुद्धा स्वतः सांभाळते, पण त्याच्या पद्धतीबाहेर काही बदलू देत नाही. तुमच्या १५ मेलबॉक्सांसाठी, पॅनेल लेखा विभागातल्या सहकाऱ्याने वापरायचे आणि दुरुस्ती करारावरच्या तंत्रज्ञाने करायची, अशी विभागणी असेल तर मी मेलकाऊ घेईन.

सर्व्हर कोठे घ्यायचा तेही पाहावे लागते. मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकी अमेझॉन आणि गूगल नव्या ग्राहकाला पोर्ट २५ बाहेरच्या दिशेने बंदच देतात. व्हीपीएस घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारा: पोर्ट २५ उघडे आहे का, आणि पीटीआर नोंद मला पॅनेलमधून करता येईल का. दोन्हीला होकार असला तरी मिळालेला आयपी आधीच एखाद्या काळ्या यादीत आहे का ते तपासा आणि असेल तर त्याच दिवशी बदलून मागा. नव्या आयपीवरून पहिल्या दिवसापासून सगळ्या ग्राहकांना मेल सोडण्याऐवजी बाहेर जाणारा मेल एखाद्या सशुल्क रिले सेवेमार्फत, म्हणजे आपला मेल स्वतःच्या सर्व्हरांवरून पुढे धाडणाऱ्या सेवेमार्फत, पाठवणे मला अधिक सुरक्षित वाटते. मेलबॉक्स आपले, येणारा मेल थेट आपल्याकडे, आणि जाणारा मेल चांगल्या नावाच्या आयपीवरून, अशी ती व्यवस्था होते.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे कोणते काम, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सर्व्हर इंटरनेटवर उघडला की थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी आयपींवरून पासवर्डचे प्रयत्न दिसू लागतात: इन्फो, सेल्स, ॲडमिन, अकाउंट्स अशी नावे घेऊन, एकामागून एक. फेलटूबॅनसारखे साधन असे आयपी अडवते, पण तुमच्या एका माणसाचा पासवर्ड कंपनीचे नाव आणि १२३ असा असेल तर ते साधन कमी पडते. तो एक पासवर्ड फुटला की रात्रीत हजारो मेल तुमच्या नावाने जातात. म्हणून प्रत्येक मेलबॉक्सला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. जोडणी सुरक्षित ठेवणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. ते आपोआप नवे होते, पण झाले की नाही ते पाहावे लागते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. सर्व्हर तुमचा असेल तर त्याच्या लॉगची जबाबदारीही तुमचीच.

यात मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती बँक खात्याच्या फसवणुकीची. कोणीतरी लेखा विभागाचा मेलबॉक्स उघडतो, काहीही न बिघडवता आठवडेच्या आठवडे वाचत राहतो आणि मोठ्या रकमेचे बिल निघाले, की ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल ग्राहकाला पाठवतो. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याचा महिन्याचा सगळा गल्ला त्यात जाऊ शकतो. दुहेरी पडताळणी हा यावरचा मोठा अटकाव आहे. भाड्याच्या सेवांमध्ये ती सर्वांसाठी सक्तीची करता येते. मोफत संचांत ती बहुतेक वेळा पॅनेलपुरती किंवा वेबमेलपुरती असते आणि आयमॅपचा दरवाजा केवळ पासवर्डवर उघडतो. मेलकाऊमध्ये निदान प्रत्येक यंत्रासाठी वेगळा ॲप पासवर्ड देता येतो. तुमच्या लेखा विभागाच्या खात्यात आपणहून बाहेर मेल पाठवणारा एखादा नियम कोणी घालून ठेवला आहे का, ते आजच तपासा. बँक खाते बदलल्याचा कोणताही मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करण्याची सवय लावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. तेथे वेळेला महत्त्व आहे.

बॅकअपबद्दल लहान कार्यालयांत एक समजूत घट्ट आहे, की मेल फोनवर, लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर असा तिन्हीकडे दिसतो म्हणजे त्याच्या तीन प्रती आहेत. आयमॅपमध्ये ती एकच प्रत तीन खिडक्यांतून दिसत असते. एका ठिकाणी पुसली की सगळीकडून जाते. गूगल वर्कस्पेसमध्ये कचऱ्यात ३० दिवस आणि त्यानंतर प्रशासकाला आणखी २५ दिवस मेल परत आणता येतो; त्यापुढे नाही. स्वतःच्या सर्व्हरवर डव्हकॉट मेल साधारणपणे मेलडिर पद्धतीने ठेवते, म्हणजे प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते. त्यामुळे रोज रात्री फक्त नव्या फाइली दुसऱ्या ठिकाणी उतरवणे सोपे जाते. तो बॅकअप त्याच विक्रेत्याच्या त्याच खात्यात ठेवू नका, आणि तीन महिन्यांतून एकदा कोणाचा तरी एक फोल्डर प्रत्यक्ष परत आणून पाहा.

कोणताही मार्ग घेतला तरी स्थलांतरापूर्वी दोन याद्या करा. पहिली, मेल पाठवणाऱ्या यंत्रांची आणि सॉफ्टवेअरांची: टॅलीतून जाणारी बिले, स्कॅन करून मेल करणारे कॉपिअर, हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. जुन्या कॉपिअरना आजची सुरक्षित जोडणी समजत नाही आणि मोठ्या सेवा साधा पासवर्ड स्वीकारत नाहीत, त्यामुळे मेल बदलल्यावर पहिली तक्रार बहुधा स्कॅनरचीच येते. त्यासाठी ॲप पासवर्ड किंवा कार्यालयातल्या एखाद्या यंत्रावर छोटा रिले, अशी सोय आधीच ठरवा. दुसरी यादी पॉपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर, असलेल्या संगणकांची. ज्या आउटलुकमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसते, त्याचा जुना मेल त्या एकाच संगणकावरच्या पीएसटी फाइलीत असतो आणि जगात दुसरीकडे कोठेही नसतो. त्या फाइलींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

दिवस निवडताना लेखा विभागाला विचारा. ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे ३बी होऊन गेल्यावरचा शनिवार सोयीचा पडतो. त्याच्या दोन दिवस आधी एमएक्स नोंदीचा (डोमेनचा मेल कोठे द्यायचा ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावी तो काळ, ३०० सेकंदांवर आणा, मेलबॉक्स नव्या ठिकाणी तयार ठेवा आणि आयमॅपसिंक या साधनाने जुना मेल उतरवायला सुरुवात करा. बदल झाल्यावर तेच साधन पुन्हा चालवले की मधल्या वेळचा उरलेला मेल येतो. डीमार्क पहिले काही आठवडे फक्त अहवाल घेण्यापुरते ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने आणखी कोणती यंत्रे मेल पाठवत होती ते कळेल, आणि सगळी सापडल्यावरच ते कडक करा. जुने होस्टिंग त्यानंतर महिनाभर तरी चालू राहू द्या. आणि हे सगळे सुरू करण्यापूर्वी डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे ते पाहा. ती संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यात असेल, तर आधी ती कंपनीच्या नावावर करून घ्या आणि नोंदणीचा संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडलेल्या दिवशी पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच बंद मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो.